पाठमोरा ऑफिसर आणि मेतकुटाची डबी

बुदापेश्तमधलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मधे चौकोनी अंगण, चारही बाजूंनी लोखंडी कठड्याची गॅलरी आणि गॅलरीतच प्रत्येकाचं दार. गिरगावात लहानाची मोठी झालेल्या बाईला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. इथे या गॅलरीला 'गांग' म्हणतात. कोणाकडे कांदा परततोय, कोणाचं भांडण चाललंय, सगळं गांगवर कळतं. फक्त भांडण हंगेरियनमध्ये असल्यामुळे मला त्यातलं निम्मंच कळतं.

पलीकडच्या दारात एक आजी राहतात. इथे वयस्कर बाईला नावापुढे 'नेनी' लावून हाक मारतात, आपल्या मावशी-काकूंसारखं. गेल्या महिन्यात जुन्या बाजारातून मी चित्रांची काही पोस्टकार्डं आणली आणि ती वाळवणासारखी गांगवर मांडून बसले होते. नेनी आल्या, एक कार्ड उचललं आणि हसायलाच लागल्या.

कार्डावर एका लष्करी ऑफिसरचं डोकं होतं, पण मागून. सोव्हिएत टोपी, तिच्याखाली वळ्या पडलेली जाड मान, बस्स. चेहरा नाही, शस्त्र नाही. सोबत रशियन लिपीत दोनच शब्द: तवारिशी, कन्येत्स. कॉम्रेडहो, संपलं.

"हे मी भिंतीवर बघितलंय," नेनी म्हणाल्या. "खरं पोस्टर. आणि काढणाऱ्याचं नाव माहीत आहे ना तुला? ओरोस!"

विनोद कळायला मला पाच मिनिटं लागली. हंगेरीत आडनाव आधी येतं, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. चित्रकाराचं नाव ओरोस इश्त्वान, आणि हंगेरियन भाषेत 'ओरोस' म्हणजे रशियन. रशियनांना "चला, निघा आता" म्हणणारं देशातलं सगळ्यात गाजलेलं चित्र रशियन आडनावाच्या माणसाने काढलं. असला योग जुळवून आणू म्हटलं तरी येत नाही.

पोस्टर 1989 सालचं. 1990 च्या वसंतात चार दशकांनंतरची पहिली मोकळी निवडणूक झाली, तेव्हा हंगेरियन डेमोक्रॅटिक फोरम या पक्षाने ते प्रचारात वापरलं आणि तोच पक्ष निवडून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी आलेलं सोव्हिएत सैन्य तेव्हाही इथेच होतं. सरकारी भाषेत त्याचं वर्णन 'आपल्या देशात तात्पुरतं वास्तव्य करणारं सैन्य' असं करायचे. हे तात्पुरतं वास्तव्य 46 वर्षं चाललं. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, ही म्हण मी नेनींना मोडक्यातोडक्या हंगेरियनमध्ये सांगितली. त्यांनी ती दोनदा म्हणून घेतली. शेवटचा सोव्हिएत सेनापती 19 जून 1991 ला सरहद्द ओलांडून गेला.

आणि ते दोन शब्द रशियनमध्ये का? शाळेत रशियन सक्तीचं होतं. वर्षानुवर्षं शिकूनही बहुतेकांना ती भाषा धड बोलता यायची नाही. नेनी स्वतःबद्दलही तेच सांगतात. पण एवढे दोन शब्द अख्ख्या देशाला वाचता येत होते. "सगळ्या शिक्षणाचा तेवढा एकच उपयोग झाला," असं त्यांचं मत.

मला त्या चित्रातली मान जास्त आवडते. त्या काळात पुढाऱ्यांची आणि सेनानींची चित्रं नेहमी समोरून असायची, भव्य कपाळ, दूरवर लागलेली नजर. माणूस पाठमोरा दिसतो तो निघाल्यावरच. ओरोसने एकही शिवी न देता त्या ऑफिसरला नुसतं वळवलं.

ही युक्ती त्याला कुठून सुचली, हे बघायला मी त्याची बाकीची चित्रं शोधू लागले, आणि घरातली कामं बाजूला पडली ती पडलीच.

जन्म 1951 चा, गाव केच्केमेत. बुदापेश्तपासून आग्नेयेला, जर्दाळूसाठी आणि जर्दाळूच्या दारूसाठी प्रसिद्ध. संगीतकार कोदाय यांचंही गाव तेच. 'केच्के' म्हणजे शेळी, आणि गावाच्या मानचिन्हातही शेळीच आहे. माझ्या नवऱ्याला तिथल्या मोटारींच्या कारखान्यात अधूनमधून जावं लागतं, म्हणून मी ते गाव पाहिलंय. ओरोस बुदापेश्तच्या कला व डिझाइन महाविद्यालयातून 1975 साली बाहेर पडला आणि नाटकाचं नेपथ्य, ॲनिमेशनपट, नाटक-सिनेमांची पोस्टरं, पुस्तकातली चित्रं अशी मिळतील ती सगळी कामं करू लागला. पुढे प्राध्यापकही झाला, लेखही लिहिले. एवढ्या दगडांवर पाय ठेवणारा माणूस एरवी पाण्यात पडतो. याचं तसं झालं नाही, कारण माध्यम कुठलंही असो, प्रश्न एकच होता: समोर दिसतंय ते खरंच तसं आहे का?

त्याने स्वतःसाठी घेतलेलं टोपणनावही त्याच जातीचं आहे. उतिस, म्हणजे ग्रीकमध्ये 'कोणी नाही'. होमरच्या महाकाव्यात ओडिसियस एकडोळ्या राक्षसाला आपलं नाव 'कोणी नाही' असं सांगतो आणि मग त्याचा डोळा फोडतो. राक्षस ओरडतो, "कोणी नाही मला मारतंय!" साहजिकच मदतीला कोणी येत नाही. डोळ्यावर हल्ला करणाऱ्या चित्रकाराला याहून चपखल नाव कुठून मिळणार?

हा हल्ला म्हणजे काय ते त्याच्या इमारतींच्या चित्रांत दिसतं. पुढचा खांब वर जाता जाता मागच्या भिंतीत निघतो, खिडकीचं आत आणि बाहेर एक होऊन जातं. डच चित्रकार एशरची आठवण येतेच, पण ओरोसची रेघ जुन्या कोरीव छापचित्रांसारखी आहे, बारीक, आडवी-उभी, दोनशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकातून निघाल्यासारखी. त्यामुळे आपण बेसावध राहतो आणि फसतो.

1989 सालीच त्याने एक छोटा ॲनिमेशनपटही केला. नावाचा अर्थ 'सांभाळून, पायरी आहे!' असा. बुदापेश्तमधली जुनी इमारत, आमच्यासारखाच जिना, आणि वर जाणारा जिना कुठल्या क्षणी खाली जाऊ लागला ते कळतच नाही. हुकूमशाहीत राहणं कसं असतं यावर मी एक जाड पुस्तक वाचलं होतं. त्यातलं फारसं आठवत नाही. हा जिना मात्र रात्री घरी परतताना हटकून आठवतो, विशेषतः दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलेला असला की.

पण त्याची खरी करामत आहे ती आरशातल्या चित्रांत. चेहऱ्याचं चित्र मुद्दाम इतकं ताणून काढायचं की कागदावर ते ओळखूच येऊ नये. मग ठरवलेल्या जागी नळीसारखा गोल आरसा उभा केला की चेहरा आरशात सरळ होऊन येतो. आधी चेहऱ्यावर चौकोनांची जाळी आखायची. दुसऱ्या कागदावर तेवढ्याच घरांची जाळी काढायची, पण पंख्यासारखी पसरलेली. मग एकेका घरातली रेघ तिकडच्या घरात न्यायची. सरळ ओळींतल्या ठिपक्यांची रांगोळी गोल ठिपक्यांवर उतरवावी, तसं. युरोपात हे शेकडो वर्षं चालत आलं आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत होल्बाइनचं 1533 चं दोन राजदूतांचं चित्र आहे. त्यात पायाशी एक तिरका डाग दिसतो, आणि बाजूला जाऊन पाहिलं की ती कवटी निघते. ओरोसने त्या एका चित्रावर अख्खं पुस्तक लिहिलंय.

त्याने या खेळात एक भर घातली. जुन्या चित्रांत आरसा नसेल तर कागदावर नुसता रेघांचा पसारा असतो. ओरोसचा पसारा म्हणजे स्वतःच एक पूर्ण चित्र. 1983 साली त्याने ज्यूल व्हर्नच्या 'रहस्यमय बेट' कादंबरीवरून एक चित्र काढलं. कागदावर ओसाड, बर्फाळ प्रदेश दिसतो, आणि आरसा ठेवला की त्यातून दाढीवाला व्हर्न आपल्याकडे बघत असतो. बर्फ खोटा नाही आणि व्हर्नही खोटा नाही.

मला ते प्रत्यक्ष करून बघायचंच होतं. चित्र छापून आणलं, पण गोल आरसा कुठून आणणार? स्टीलचा पेला उभा केला. पेला खाली निमुळता, त्यामुळे व्हर्नचं कपाळ वाढलं आणि हनुवटी गायब. फुलपात्रात तर तो कोण आहे तेच कळेना. शेवटी आईने पाठवलेली मेतकुटाची डबी सापडली, सरळसोट आणि चकचकीत. नवऱ्याची परवानगी न घेता मेतकूट वाटीत ओतलं, डबी पुसली, कागदावर ठेवली. थोडा धूसर, पण व्हर्न आला! मी एवढ्याने ओरडले की नेनी दार उघडून बाहेर आल्या.

त्या वाकल्या, डबी सरकवली, पुन्हा जागेवर आणली. मग व्हर्नला सोडून वाटीकडे वळल्या. वास घेतला. "हे काय आहे?" मी गरम भात, तूप आणि मेतकूट कालवून दिलं. बशी चाटूनपुसून झाल्यावर त्यांनी थोडं घरी न्यायला मागितलं, आणि द्यायला हाताशी डबी तेवढी होती.

आठवड्याने डबी परत आली. रिकामी नाही, रिकामं भांडं परत न करण्याची रीत इथेही दिसते. काठोकाठ जर्दाळूचा जॅम भरलेला, तोही केच्केमेतच्या जर्दाळूंचा. तो संपेपर्यंत व्हर्न कागदावर बर्फ होऊनच पडून आहे.