५० लक्सच्या उजेडात

आज पोशाखांच्या प्रदर्शनात होते. पायांचे तुकडे पडलेत, पण डोकं अजून तिथेच आहे.

दालनात उजेड इतका कमी की मैत्रीण वैतागली. तिला सांगितलं, जुन्या कापडांसाठी साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात. प्रकाशाने रंग उडतो, रेशीम कमकुवत होतं आणि ते नुकसान भरून निघत नाही. (फॅशन शिकणाऱ्यांना फक्त खरेदी कळते असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

मी मात्र एका उरेब कापाच्या गाऊनसमोरून हलेचना. उरेब म्हणजे तिरका काप: धाग्यांना ४५ अंशात कापलं की तेच कापड ताणलं जातं, अंगावरून पाण्यासारखं उतरतं. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओने १९२०-३०च्या दशकांत या कापाची राणी होती. कॉर्सेट नको, आतला सांगाडा नको, सगळी करामत कात्रीची. व्हिडिओत हे कधीच कळत नाही. बाजूने, मागून बघावं लागतं.

रॅम्पचं वेड वेगळं. घरी येऊन पुन्हा ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनचा सप्टेंबर १९९८चा शो लावला. फिरत्या चकतीवर मॉडेल शालोम हार्लो, अंगात पांढरा ड्रेस आणि दोन रोबो तिच्यावर काळा-पिवळा रंग फवारतायत. २०२२मध्ये कोपेर्नी या फ्रेंच ब्रँडने मॉडेल बेला हदीदच्या अंगावर अख्खा ड्रेसच फवारला, तेही भारीच. पण माझं मत मॅक्वीनला. ते रोबो आधी तिला न्याहाळतात ना, तिथे दरवेळी काटा येतो.

पॅटर्न कटिंगची परीक्षा तोंडावर आहे. उरेबवर प्रश्न आला तर पुरवण्या तयार ठेवा म्हणावं.