ऑटोमेशनवाल्या बाईच्या घरात साधी बटणं का?

"अंबडला कंट्रोल पॅनेल डिझाइन करतेस आणि घरात खटक्याची बटणं?" हा प्रश्न मावसभावापासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. विचारताना चेहऱ्यावर हसू असतं, हलवायाच्या घरी साखर संपल्यासारखं. यातल्या बऱ्याच जणांनी आमचं घर पूर्वी बघितलंय. 'गुड नाईट' म्हटलं की पडद्यापासून पंख्यापर्यंत सगळं बंद व्हायचं, त्याचे व्हिडिओ काढून नेणारेही हेच. म्हणून आता एकदाच सांगते.

मी सगळं काढून फेकलेलं नाही. गच्चीवरची टाकी भरली की मोटर आपली आपण बंद होते. गीझर टायमरवर आहे आणि राहील, कारण दोन किलोवॅटचा गीझर तासभर विसरला तर 2 युनिट जातात. दिव्यांचं तसं नाही. 9 वॅटचा एलईडी दिवसरात्र जळला तरी पाव युनिट होत नाही, आणि त्याला बंद करायला बसवलेलं वायफाय मॉड्यूल स्वतःच चोवीस तास थोडी थोडी वीज खात असतं. 'विजेची बचत' हे कारण मीही लोकांच्या तोंडावर फेकत होते. खरं कारण हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात ते ठीक, पण मग बचतीचं नाव घेऊ नये.

आता बाथरूमचं.

नाना, म्हणजे माझे वडील, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. आई गेल्यावर आमच्याकडे आले. कंपवात आहे. रात्री उठले की अंधारात भिंत चाचपत बटण शोधायचे, कधी पंख्याचं दाबायचे. त्यांच्यासाठीच पॅसेजमध्ये आणि बाथरूममध्ये मोशन सेन्सर लावला. पॅसेजमध्ये तो आजही आहे आणि उत्तम चालतो, हे कुणी विचारत नाही. बाथरूमबाहेरचा जुना बोर्ड मात्र मी काढला आणि काचेचा टच पॅनेल बसवला. टाइल्सना शोभत होता म्हणून.

हे सेन्सर पीआयआर जातीचे. अंगाची उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की त्यांना माणूस कळतो. एका जागी निश्चल बसलेला माणूस त्यांच्या लेखी नसतोच. पाच मिनिटं हालचाल नाही, दिवा बंद. ऑफिसच्या टॉयलेटला हेच सेटिंग चालतं. आणि कंपवातात माणूस ताठरतो. नाना बसले की बसलेलेच. बोटं थरथरत असतात, पण छतावरच्या सेन्सरला तेवढं पुरत नाही.

त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये कॉलवर होते, बाहेर पाऊस. कॉल संपल्यावर नानांना जेवायला हाक मारली. उत्तर नाही. बाथरूमच्या दाराखाली उजेड नव्हता, त्यामुळे तिकडे लक्षच गेलं नाही. त्यांची खोली बघितली, बाल्कनी बघितली, चपला जागेवर आहेत का ते बघितलं. मग बाथरूमचं दार ढकललं. आतून कडी लावायची नाही असं आमचं ठरलेलं. मी आत पाऊल टाकलं तसा दिवा लागला. नाना कमोडवर, दोन्ही हातांनी भिंतीतला पाइप घट्ट धरलेला. डोळे मिचकावत म्हणाले, "आली का लाईट?"

त्यांना वाटलं, गावाची गेलीय. लाईट गेली की आहे तिथे बसून राहायचं, ती आपोआप येते, हा जन्मभराचा अनुभव. हाका मारल्या होत्या त्यांनी, पण या दुखण्यात आवाजही खोल जातो. नंतर म्हणाले, "तुझं काम चाललं होतं, म्हटलं कशाला." "नाना, हात हलवला असता तरी..." एवढं बोलून मी थांबले. हात हलवायचा म्हणजे पाइप सोडायचा.

पडले का? नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या, बस. गोष्ट इतकीच आहे, आणि एवढ्यावरून एवढं काय, असं वाटणाऱ्यांना मी समजावू शकत नाही.

पुण्याचा भाऊ म्हणतो, सेन्सर चुकीचा निवडलास, त्यात ऑटोमेशनचा काय दोष? पटतं. मिलिमीटर-वेव्ह रडारला श्वासाने हलणारी छातीही कळते. तोही लावून बघितला. त्याला एक्झॉस्ट फॅनही माणूस वाटायचा. आणि हेही खरं की आपल्याकडे बाथरूमचं बटण बाहेर असतं, आत अंधार झाल्यावर नानांना त्याचा काय उपयोग? पण खटक्याने लावलेला दिवा कुणी बंद करेपर्यंत चालू राहतो. पंपाचं साधं पॅनेल असलं तरी दारावर ऑटो-ऑफ-मॅन्युअल सिलेक्टर, म्हणजे आपोआप, बंद की हाताने हे निवडायचा खटका, लागतो. तो नसेल तर ग्राहक माल टेम्पोतून उतरवू देत नाही. घरी मात्र मीच तो काढला. तेव्हाची मी म्हणेल, घर म्हणजे काय कारखाना आहे? तिलाही माझ्याकडे धड उत्तर नाही.

हे शास्त्र आपण समजतो तेवढं नवंही नाही. 1975 मध्ये स्कॉटलंडमध्ये निघालेलं एक्स-10 हे घर-ऑटोमेशनचं तंत्र घरातल्या विजेच्या तारांवरूनच निरोप पाठवायचं. पुढे क्लाउड आला आणि शेजारच्या खोलीतला दिवा लावायचा हुकूम परदेशी सर्व्हरला वळसा घालून येऊ लागला. 2016 मध्ये रिव्हॉल्व नावाच्या हबचा, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणाऱ्या डबीचा, सर्व्हर बंद केला गेला आणि लोकांनी 300 डॉलरला घेतलेले हब एका फटक्यात निकामी झाले. 2022 मध्ये आलेलं मॅटर, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांची सामायिक भाषा, पुन्हा घरातल्या घरात बोलण्यावर भर देतं. त्याचं मला कौतुक आहे, पण बसलेल्या माणसाचं कोडं त्याने सुटत नाही.

मखमलाबादला बंगला बांधणाऱ्या बहिणीला मी इतकंच सांगितलं: प्रत्येक बोर्डात न्यूट्रलची तार ओढून घे, जिन्याच्या वर-खाली दोन्हीकडून चालणाऱ्या टू-वे बटणालासुद्धा. बॉक्स खोल घे. राउटर इन्व्हर्टरवर टाक. मॉड्यूल खटक्याच्या मागे बसव, खटका काढू नकोस. बाकीचं राहायला गेल्यावर ठरव.

आमच्या बाथरूमचा दिवा आता संध्याकाळी लावतो तो सकाळी बंद करतो. घराच्या दाराला लावलेल्या, बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या कुलपाबद्दल मात्र विचारू नका. नानांचं थरथरतं बोट ते कधी ओळखतं, कधी नाही, आणि किल्ली दिली तर ते ती हमखास विसरतात. ते भांडण आमच्या घरात अजून चालू आहे.