अश्रुमार्गात बसवलेली सिलिकॉनची नळी : माझा अनुभव

चैत्र-वैशाखात आमच्या अमळनेरकडे तापलेला वारा सुटला की कोणाच्याही डोळ्यांना पाणी येते, त्यामुळे माझा डावा डोळा बारमाही पाझरू लागला तरी घरचे त्याचे खापर उन्हावर आणि कपाशीच्या धुळीवर फोडत राहिले. खरे कारण मोतीबिंदूच्या तपासणीत कळले. जळगावच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी नाकाच्या बाजूला बोट दाबले, तेव्हा पापणीच्या बारीक छिद्रातून पू वर आला. मग बोथट सुईने खालच्या छिद्रात सोडलेले सलाइन घशात उतरण्याऐवजी वरच्या छिद्रातून परत आले. म्हणजे अश्रुपिशवीतून नाकात उतरणारी नलिका बंद झाली होती. असा पू असताना मोतीबिंदू काढला तर जंतू डोळ्याच्या आत पसरून दृष्टीच जाऊ शकते, म्हणून आधी हा मार्ग मोकळा करणे भाग होते.

हा मार्ग मोकळा करण्याच्या शस्त्रक्रियेला डीसीआर (डॅक्रिओसिस्टोरायनोस्टॉमी) म्हणतात. इटलीच्या आदेओ तोती यांनी ती १९०४ मध्ये मांडली. नाकाच्या हाडात छोटी खिडकी करून अश्रुपिशवी थेट नाकाच्या पोकळीशी जोडतात. हल्ली ती दुर्बिणीने नाकातूनही करतात, आणि माझी तशीच झाली. नळी प्रत्येकाला लागत नाही. माझ्या दोन्ही पापण्यांच्या नलिका जिथे एकत्र येतात तिथे तोंड अरुंद होते, म्हणून सिलिकॉनची मऊ, दोऱ्यासारखी नळी दोन्ही छिद्रांतून घालून तिची टोके नाकात बांधली. नवी वाट भरून येताना बुजू नये, एवढेच तिचे काम. रक्त पातळ करणारी माझी गोळी मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच आधी थांबवली होती.

पहिले काही दिवस नाकातून रक्तमिश्रित स्राव येत होता. नाक शिंकरायचे नाही आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे, हे सर्वांत कठीण गेले. एका शिंकेनंतर कोपऱ्यातला नळीचा फास सैल होऊन बाहेर लोंबू लागला. वहिनी तो ओढून काढायला निघाल्या होत्या, पण ओढायचेही नाही आणि कापायचेही नाही, ही सूचना मला पाठ होती. नळी चिकटपट्टीने नाकाच्या कडेला चिकटवून आम्ही दवाखाना गाठला आणि डॉक्टरांनी ती नाकातून पुन्हा जागेवर ओढून घेतली. नळी बसवलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांनाही हे आधीच समजावून सांगितले पाहिजे, असे मला तळमळीने वाटते.

काही महिन्यांनी नळी काढताना भूल द्यावी लागली नाही. कोपऱ्यातला फास कापला आणि नळी नाकातून अलगद निघाली. त्यानंतर सोडलेले सलाइन सरळ घशात उतरले, त्याची खारट चव लागली आणि डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख दिली.