‘टेस्ट रिझल्ट’च्या रकान्यात अडकलेली फाइल

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी मी मोडल लॉजिक घेतलं, म्हणजे ‘असलंच पाहिजे’ आणि ‘शक्य आहे’ हे सूत्रात मांडणारं तर्कशास्त्र. विषय मंजूर झाला, सूत्र तपासणारं टूल बसलं, सर्व्हरचं मॉडेल चाललं; त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते इथे इंदूरला, कॉलेजच्या सबमिशन फॉर्मवर. ‘टेस्ट रिझल्ट’चा रकाना रिकामा, म्हणून फाइल परत. खिडकीतून दर वेळी तेच उत्तर: “मॅडम, पहले टेस्ट के लॉग लगाओ.”

अहो, लॉगमध्ये, म्हणजे काय काय घडलं त्याच्या नोंदीत, जे दिसतच नाही तेच तर मी सिद्ध केलं होतं! दोन सर्व्हर घ्या. पहिला ‘विनंती’ घेतो आणि मग ‘पाठव’ किंवा ‘रद्द’, दोन्हीला तयार असतो. दुसरा विनंती घेतानाच आतल्या आत ठरवून टाकतो, आता फक्त पाठव किंवा फक्त रद्द. दोघांचे लॉग काढा: विनंती-पाठव, विनंती-रद्द. तंतोतंत सारखे. पण समोर फक्त रद्द करू पाहणारी क्लायंट प्रोसेस (सर्व्हरकडे विनंती करणारा प्रोग्राम) असेल आणि दुसरा सर्व्हर पाठवच्या फांदीवर गेला असेल, तर दोघंही एकमेकांची वाट बघत कायमचे अडकतात. हा फरक एका ओळीत पकडता येतो: [विनंती]⟨रद्द⟩सत्य. विनंतीनंतर कुठल्याही अवस्थेत पोचलो तरी (हा चौकोनी कंस) तिथून रद्द करणं शक्य (हा टोकदार कंस) असलंच पाहिजे. पहिला सर्व्हर हे पाळतो, दुसरा नाही. हेनेसी आणि मिल्नर या संगणकशास्त्रज्ञांनी हे लॉजिक १९८० मध्ये मांडलं. त्याला आजच्या फॉर्मवर जागा नसावी, याचा राग मला अजून येतो.

मार्ग काढला गाइड सरांनी. रकान्यात ‘परिशिष्ट पाहा’ लिहिलं. परिशिष्टात दोन्ही लॉग शेजारी शेजारी, खाली सूत्र आणि टूलचं हो-नाही. विभागप्रमुखांनी ते पान उभ्या उभ्या वाचलं आणि सही केली. त्या सहीचा आनंद डिग्रीपेक्षा काकणभर जास्तच.

तुम्ही या वाटेने जाणार असाल तर असं पान आधीच तयार ठेवा. मॉडेल लहान ठेवा हे सांगायचं राहिलं: दहा प्रोसेस, प्रत्येकीच्या दहा अवस्था, की एकत्रित अवस्था हजार कोटींपर्यंत जातात. टूल म्हणून मी एमसीआरएल-टू वापरलं, ते फुकट मिळतं. आणि बाइंडिंगआधी प्रिंट तपासा. फॉन्ट बदलला की टोकदार कंस उडतात; तिथे कुणी चौकोनी टाकला तर [विनंती][रद्द]सत्य उरतं, ‘रद्द शक्य असलंच पाहिजे’ ही अटच जाते, आणि ते कुठलाही सर्व्हर पाळतो.