लई फिरले की!

"आजी, यंदा तुम्ही कुठं कुठं फिरलात?" असे शेजारच्या काकूंनी आज रंकाळ्यावर सहज विचारले, तेव्हा आमची आजी म्हणाली, "लई फिरले की! दर खेपेला टेसनापातूर."

सगळे हसले. मला मात्र नीट हसता आले नाही.

ताईचे लग्न, बाबांची निवृत्ती, मग आईबाबांची काशीयात्रा आणि धाकट्याची मुंबईतील पहिली नोकरी अशा या भरगच्च वर्षात महालक्ष्मी एक्स्प्रेसला निरोप द्यायला प्रत्येक वेळी आजी उभी होती, आणि दशम्यांचे गाठोडे हाती देण्याआधी ती परतीची तारीख विचारून घेत असे. फोटोंत ती कुठेच नाही, कारण आमचे फोटो सगळे पोहोचल्यानंतरचे. गुडघ्यांमुळे यंदा जोतिबाची चैत्र यात्राही तिला हुकली.

तिला नृसिंहवाडीला न्यायचे ठरवले आहे. पौर्णिमा टाळून कोणत्या दिवशी तिथे गर्दी कमी असते, कोणी सांगेल का?