ठाण्याहून अफरवट: गुलमर्गच्या वरच्या टप्प्याची तयारी

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे केबल कार, स्की करणाऱ्यांना दोन टप्प्यांत मधल्या कोंगडोरी स्थानकामार्गे अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरवर नेऊन सोडतो. वर चढायचे कष्ट शून्य, म्हणूनच फसगत होते. स्टेशनच्या समोरच्या उतारावर स्की पेट्रोल (स्कीच्या उतारांवरचं सुरक्षा पथक) हिमस्खलनाचा धोका तपासतं. पण धारेवरून डावी-उजवीकडे थोडं सरकलात की तो मोकळा डोंगर. 2023 च्या फेब्रुवारीत दोन पोलिश स्कीअर तिथल्याच हिमस्खलनात गेले. खोल भुसभुशीत बर्फात तीव्र उतारावर हवं तिथे थांबता येत नसेल, तर पहिल्याच टप्प्यावर स्की करा.

आमचा आठवडा फेब्रुवारीतला होता. वाऱ्यामुळे वरचा टप्पा तीन दिवस बंद राहिला, त्यामुळे हाताशी किमान सात-आठ दिवस हवेतच. टंगमर्गच्या पुढचे 13 किलोमीटर बर्फ पडल्यावर साखळ्या लावलेल्या गाडीनेच जावं लागतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, गटात एक तरी पोस्टपेड असू द्या. ठाणे समुद्रसपाटीला, गुलमर्ग 2,650 मीटरवर. उंचीची सवय व्हायला पहिले दोन दिवस वर जाऊच नका. बंद पडलेला गोंडोला या कामी बरा.

प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाचा संकेत पाठवणारं आणि पकडणारं यंत्र), किमान 240 सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात टोचून शोधायची घडीची काठी) आणि धातूचं फावडं हवं. एकाकडे जरी नसलं तरी सगळा गट खाली थांबतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर काढला तरच खरी आशा असते, आणि तेवढ्यात बाहेरची मदत पोहोचत नाही. सराव म्हणून खारघरच्या सेंट्रल पार्कसारख्या मोकळ्या जागेत एक ट्रान्सीव्हर पिशवीत घालून पाचोळ्याखाली लपवा. दुसऱ्या यंत्रावरचा अंतराचा आकडा (साधारण मीटरमध्ये) 40, 22, 9 असा उतरताना धावा; 3 च्या आत आलात की गुडघ्यावर बसा, यंत्र जमिनीलगत धरून फुलीसारखं आडवं-उभं फिरवा. सगळ्यात कमी आकडा जिथे, तिथून प्रोब 25 सेंटिमीटरच्या अंतराने गोल गोल टोचत जा. फुली फिरवताना बहुतेकांची एकच चूक होते: घाईत हात फिरवणं. यंत्राला आकडा बदलायला क्षणभर लागतो. शोधताना मोबाईल यंत्रापासून किमान अर्धा मीटर लांब. प्रोब लागला की तो उपसू नका. उताराच्या खालच्या बाजूने आत खणत या.

वर दर वेळी एकेकानेच उतरायचं, बाकीचे सुरक्षित कडेला. ताज्या बर्फावर वारा सुटला असेल तर धारेच्या आडोशाची बाजू सोडा; वाऱ्याने आणलेला बर्फ तिथेच साचतो आणि 30 ते 45 अंशांच्या उतारावर तोच सुटतो. भाड्याची स्की घेताना बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या पकडीचा) आकडा तुमच्या वजनाला, उंचीला आणि कौशल्याला जुळवून घ्या, दुकानदाराने ठेवलेला तसाच मान्य करू नका.

परतल्यावर आपली दमट हवा सामान खाते. स्की पुसून कोरडी करा, तळाला आणि कडांना जाड मेण लावून ते तसंच राहू द्या, नाहीतर पावसाळ्यात कडा गंजतात. ट्रान्सीव्हरचे सेल मात्र त्याच दिवशी काढा.