बारावी डिसेंबरातच संपवून कॉलेज फुटबॉलला: आमच्या घरचा अनुभव

माझा थोरला मुलगा या जानेवारीत कॉलेजात दाखल झाला. त्याच्याबरोबरची मुलं मे २०२६ पर्यंत हायस्कूलमध्येच आहेत. टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत मराठी घरं पुष्कळ आहेत आणि शुक्रवारी रात्री हेल्मेट घालून अमेरिकन फुटबॉल खेळायला मैदानात उतरणारी आपली मुलंही आता दिसायला लागली आहेत. त्यांच्या आईवडिलांना उपयोग व्हावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

हायस्कूलचं शेवटचं अर्धं वर्ष सोडून जानेवारीत कॉलेजला जाणाऱ्या खेळाडूला इथे 'अर्ली एन्रोली' म्हणतात. नावाजलेल्या खेळाडूंपैकी टिम टीबो २००६ मध्ये असाच फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत गेला, ट्रेव्हर लॉरेन्स २०१८ मध्ये क्लेम्सनला, आर्च मॅनिंग २०२३ मध्ये टेक्सास युनिव्हर्सिटीत. आमच्या जवळच्याच साउथलेकच्या क्विन यूअर्सचं नाव लोक यात घेतात, पण त्याची गोष्ट निराळी. त्यानं २०२१ मध्ये बारावीचा अख्खा सीझनच सोडला. माझ्या मुलानं शाळेचा शेवटचा सामनासुद्धा खेळून मगच शाळा सोडली.

वरचे सगळे क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून संघाचा खेळ चालवणारे. माझा मुलगा लाँग स्नॅपर. दोन पायांमधून बॉल मागे फेकायचा, पंटच्या (लाथेनं बॉल लांब मारून समोरच्या संघाला देण्याच्या) वेळी सुमारे १५ यार्ड, फील्ड गोलच्या (लाथेनं बॉल खांबांमधून मारण्याच्या) वेळी सात-आठ यार्ड, आणि तो दर वेळी त्याच उंचीवर, त्याच वेगानं मागच्या खेळाडूच्या हातात पडला पाहिजे. गॅरेजच्या भिंतीला आम्ही जुनी गादी टेकवून ठेवली होती, तिच्यावर पांढऱ्या टेपचा चौकोन. जेवणाआधी तासभर तो धप्प-धप्प आवाज ठरलेला. हे काम चोख करणाऱ्याचं नाव स्टेडियममध्ये कोणाला ठाऊक नसतं, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

अशा खेळाडूला स्कॉलरशिप क्वचितच मिळते. बहुतेक जण वॉक-ऑन म्हणून जातात, म्हणजे फी आपली आपण भरायची. पूर्वी संघात असे वॉक-ऑन भरपूर ठेवता यायचे. जून २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या दाव्यात कोर्टानं मंजूर केलेल्या समझोत्यानंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना फुटबॉलसाठी एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली. ही मर्यादा सर्वांत आधी आमच्यासारख्यांनाच लागते. ज्या कोचनं त्याला जागा देऊ केली त्यांनी स्पष्टच सांगितलं, जानेवारीत आलास तर स्प्रिंग प्रॅक्टिसमध्ये (वसंतातल्या सरावात) तुला बघता येईल, जूनमध्ये आलास तर सीझनच्या तोंडावर. निर्णय तिथेच झाला.

खरी लढाई क्रेडिटची, म्हणजे प्रत्येक विषय पूर्ण केल्यावर जमा होणाऱ्या गुणांकांची होती, आणि त्यातही इंग्लिशची. टेक्सासमध्ये एन्डॉर्समेंटसह (निवडलेल्या विषयगटासह) हायस्कूल पूर्ण करायला २६ क्रेडिट लागतात. त्याशिवाय एनसीएए, म्हणजे कॉलेजातल्या खेळांचे नियम ठरवणारी संघटना, तिच्या सर्वांत वरच्या गटासाठी, डिव्हिजन १ साठी, १६ कोअर कोर्स (मुख्य विषयांचे कोर्स) हवेत, त्यांत इंग्लिश चार वर्षांचं. या १६ पैकी दहा कोर्स सातव्या सेमिस्टरच्या, म्हणजे बारावीच्या, आधी पूर्ण असावे लागतात आणि त्या दहांतले सात इंग्लिश, गणित, विज्ञानाचेच. त्या सातांचे ग्रेड नंतर सुधारता येत नाहीत, म्हणून अकरावीचा मे महिना आमच्याकडे बारावीसारखाच गेला. गव्हर्नमेंट आणि इकॉनॉमिक्स अर्ध्या-अर्ध्या क्रेडिटचे, ते दोन्ही एकाच सेमिस्टरला बसवता आले. चौथ्या वर्षाचं इंग्लिश मात्र कुठेच बसेना.

शाळेच्या काउन्सेलरनी एक ऑनलाइन कोर्स सुचवला. आपापल्या गतीनं संपवायचा, स्वस्त, सोपा. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या (खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या विभागाच्या) साइटवर प्रत्येक शाळेच्या मंजूर कोअर कोर्सची यादी असते, तीत तो नव्हता. म्हणजे शाळा पास करणार, एनसीएए मोजणार नाही. ही यादी कोणीही उघडून पाहू शकतं आणि प्रत्येक कोर्स घेण्याआधी ती पाहायलाच हवी. शेवटी उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमधून ड्युअल क्रेडिटचे (हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे धरले जाणारे) इंग्लिशचे दोन कोर्स केले, एक जूनमध्ये, एक जुलैमध्ये. सकाळी टीमचा व्यायाम, दुपारी निबंध. डोळे मिटत असताना संदर्भसूची नीट लावत बसलेला तो मला अजून दिसतो. ते ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) चढले, तेव्हाच एनसीएएच्या हिशेबात धरले गेले.

किंमतही मोजली. एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षा, मे महिन्यात असतात, त्यामुळे एपी कॅल्क्युलस आणि फिजिक्स त्यानं घेतलेच नाहीत. त्याच्या बाबांना हे फार लागलं. "गणित कॉलेजातही आहे बाबा, स्प्रिंग एकदाच आहे," असं तो म्हणाला आणि ते गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे, त्याचं ठरलंय हे कळलं म्हणून. शाळा संपली की शाळेकडून खेळताही येत नाही, म्हणून गोळाफेकीचा शेवटचा सीझन गेला. त्याचं दुःख त्याला प्रॉमपेक्षा (शाळेच्या नाचाच्या समारंभापेक्षा) जास्त आहे. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन, "बारावी अर्धी टाकून निघालाय का रे?" त्यानंच त्यांना क्रेडिटचा सगळा हिशेब मराठीत समजावला.

डिसेंबर मात्र परीक्षाच होता. सेमिस्टर संपतं नाताळच्या तोंडावर, कॉलेज सुरू होतं जानेवारीच्या मध्यात, आणि मधे शाळेचं ऑफिस बंद. एलिजिबिलिटी सेंटरला अंतिम ट्रान्सक्रिप्ट लागतं आणि त्यावर हायस्कूल पूर्ण झाल्याची तारीख असावी लागते. शाळेनं पहिल्यांदा पाठवलं त्यावर तारीखच नव्हती. मी ऑफिसात जाऊन बसले आणि सुट्टीला कुलूप लागायच्या आत दुरुस्त प्रत अपलोड करून घेतली. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे मेनिंजायटिसची लसही वर्ग सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. ती आम्ही थँक्सगिव्हिंगलाच उरकली होती.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. मुलगा जानेवारीत सतरा वर्षांचा होता, त्यामुळे टीमच्या डॉक्टरांना उपचाराची परवानगी माझ्या सहीनं लागली. पण कॉलेजात पाय ठेवला की वय काहीही असो, शैक्षणिक नोंदींवरचा हक्क कायद्यानं विद्यार्थ्याचा होतो. म्हणजे त्याच्या खांद्याच्या एमआरआयला सही माझी, आणि त्याचे मार्क बघायला परवानगी त्याची. त्यानं तो फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरून दिला, मी न मागता.

स्प्रिंगच्या पंधरा प्रॅक्टिस झाल्या. पंटचे स्नॅप दुसऱ्या फळीबरोबर मिळाले, फील्ड गोलचे अजून नाहीत. १०५ मध्ये नाव राहील की नाही हे सीझन सुरू होताना कळेल. ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत त्यांनी काउन्सेलरना आत्ताच विचारावं, चौथं इंग्लिश उन्हाळ्यात कुठे करता येईल आणि ते मंजूर यादीत आहे का. अकरावीच्या शेवटी विचारलं, तर हातात फक्त तो एक उन्हाळा उरतो.